पायी सफारी : आलिशान कशाला म्हणायचं?

(शहापूर, जि. भंडारा येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. वक्त्याच्या बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)



आजच्या विषयाचं नाव फलकावर वाचून दोघा-तिघांनी मला दारातच गाठलं. म्हणाले, "सर, शहापुरातून आफ्रिकेची सहल काढता काय?" तर आधीच सांगतो, मी तिकिटं विकायला आलेलो नाही. पण आपल्याकडचीही काही कुटुंबं आता केनिया-टांझानियाला जातात. कोणाची मुलं परदेशात नोकरीला आहेत, ती आईवडिलांना बोलावून घेतात. कोणी निवृत्तीनंतर एकदा मोठी सहल करायची म्हणून पैसे बाजूला टाकतं. अशा लोकांच्या कानावर हल्ली एक शब्द येतो, 'वॉकिंग सफारी'. म्हणजे आफ्रिकेच्या रानात गाडीतून न फिरता पायी फिरायचं. जाहिरातीत पुढे 'लक्झरी' जोडलेलं असतं आणि फोटोत तंबूत ठेवलेलं न्हाणीचं टब असतं. आज आपण त्या टबाच्या पलीकडे बघू. अशी सहल आखायची तर काय विचारायचं, केव्हा जायचं, पैसे कशाला मोजायचे, आणि या सगळ्याचा नागझिरा-कोका शेजारी असलेल्या आपल्यासारख्यांशी काय संबंध, एवढं बोलू.

शब्द आपल्याच ओळखीचा

सफारी हा शब्द इंग्रजांनी पूर्व आफ्रिकेतून उचलला. तो मूळ स्वाहिली. स्वाहिलीत तो अरबीतून आला आणि अरबीत त्याचं मूळ आहे 'सफर'. म्हणजे आपण 'सफर' म्हणतो, 'मुसाफिर' म्हणतो, त्याच घरातला हा शब्द. स्वाहिलीत सफारी म्हणजे नुसता प्रवास. त्यात वाघ-सिंह नाहीत आणि गाडी तर नाहीच. जुन्या सफाऱ्या पायीच होत, डोक्यावर ओझी घेतलेल्या हमालांच्या रांगा बरोबर घेऊन. पुढे त्यात शिकारी आले, मग मोटारी आल्या, मग कॅमेरे आले.

आपल्याकडे सफारी म्हटलं की डोळ्यांपुढे जिप्सी येते. पहाटे गेटवर रांग, नोंदणी, गाइड, आणि 'गाडीतून उतरायचं नाही' ही सूचना. वाघ मात्र अजून पायीच फिरतो. 'जय' सगळ्यांना आठवत असेल. तो नागझिऱ्याचा. २०१३ च्या सुमाराला तिथून निघाला आणि चालत चालत उमरेड-कऱ्हांडल्यात पोहोचला. वाटेत शेतं, गावं, नद्या आणि आपला हा महामार्ग. २०१६ च्या एप्रिलनंतर तो कोणाला दिसला नाही. त्याला बघायला हजारो लोक गाडीतून गेले. तो ज्या वाटेने आला ती वाट मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी पायाखाली घातली असेल.

पायी गेल्यावर काय बदलतं?

गाडीत बसलेल्या माणसाला जनावर दिसतं. पायी चाललेल्या माणसाला आधी जनावराची खूण दिसते. ओल्या रेतीतला ठसा, विष्ठेतले केस, झाडाच्या सालीवर घासल्याचा चिखल, मोडलेल्या फांदीचा ताजा वास. गाडीत डोळे काम करतात. पायी चालताना कान आणि नाक आधी जागे होतात. आपल्याकडे वानर खाकरलं, चितळाचा कॉल आला की जाणत्याला कळतं, काहीतरी चाललंय. तिकडे ऑक्सपेकर नावाचा छोटा पक्षी म्हशींच्या, गेंड्यांच्या अंगावर बसून गोचीड खातो. झुडपामागून त्याचा आवाज आला की वाटाड्या हात वर करतो आणि रांग थांबते. म्हैस अजून दिसलेलीही नसते.

दुसरं म्हणजे, पायी गेल्यावर तुम्ही जनावराच्या हिशेबात येता. गाडीला पुष्कळ जनावरं सरावलेली असतात. दोन पायांवरचा माणूस त्यांच्या चांगला ओळखीचा आहे, आणि ओळख जुनी, भीतीची आहे. म्हणून पायी सफारीत बहुतेक वेळा जनावर दूर असतं. 'शंभर फोटो मिळाले पाहिजेत' असं ज्याचं गणित आहे, त्याने सरळ गाडीनेच फिरावं. हे आधी स्वतःला विचारून घ्या, म्हणजे तिकडे जाऊन हिरमोड होणार नाही.

कुठे चालू देतात?

सगळीकडे नाही. लोक इथेच फसतात. केनियाच्या मसाई मारा राखीव क्षेत्रात पर्यटकाला पायी फिरता येत नाही. त्याला लागून मसाई लोकांच्या जमिनींवर जी संवर्धन क्षेत्रं आहेत, तिथे फिरता येतं. आपल्या कोअर आणि बफरसारखंच समजा. तेव्हा 'मसाई मारा, वॉकिंगसह' असं पत्रकात लिहिलं असेल तर नेमकं कुठे, ते विचारायचं.

पायी फिरण्यासाठी नावाजलेली ठिकाणं दक्षिणेकडे आहेत. झांबियातलं साउथ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यान, झिम्बाब्वेतलं मानापूल्स आणि दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर. क्रूगरमध्ये तिथल्या उद्यान प्रशासनाच्या स्वतःच्या पायवाटा आहेत. पहिली १९७८ मध्ये सुरू झाली. एका गटात जास्तीत जास्त ८ माणसं, बरोबर दोन बंदूकधारी वाटाडे, आणि १२ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. राहणं साधं, खर्च खासगी कॅम्पच्या मानाने पुष्कळ कमी. पण जागा मोजक्या, त्यामुळे नोंदणी फार आधी करावी लागते. लुआंग्वात रांगेच्या पुढे सरकारी बंदूकधारी रक्षक, त्याच्यामागे वाटाडा, मग पाहुणे आणि सर्वांत शेवटी चहाचं सामान घेतलेला माणूस. (हशा) हसू नका, तो खरोखर असतो. दोनेक तास चालून झालं की झाडाखाली चहा होतो.

केव्हा जायचं?

मराठी घराची सुट्टी दोनदा असते, मे महिन्यात आणि दिवाळीत. गंमत अशी की पायी सफारीला हे दोन्ही मोसम थोडे अवघड. झांबिया-झिम्बाब्वेत पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. मे उजाडतो तेव्हा गवत डोक्याएवढं असतं. गवतात पुढचं दिसत नाही, आणि जिथे दिसत नाही तिथे पायी नेणारा वाटाडा शहाणा नव्हे. लुआंग्वातले रानातले छोटे कॅम्प मेच्या अखेरीला, जूनमध्ये उघडतात. जून-जुलै-ऑगस्ट हा चालण्याचा खरा काळ. तिकडे तेव्हा हिवाळा. पहाटे स्वेटर, कानटोपी लागते. आपल्याकडे त्याच वेळी धानाची रोवणी चालू असते, त्यामुळे शेतकरी माणसाला जाता येणार नाही, हे आलंच. ऑक्टोबरमध्ये पाणी आटतं, जनावरं नदीवर गोळा होतात, दिसतात भरपूर. पण ऊन आपल्या मेसारखं. ज्यांना सकाळी आठनंतर चालवत नाही, त्यांनी ऑक्टोबर टाळावा.

आलिशान म्हणजे काय?

आता मुद्द्यावर येतो. अशा खासगी कॅम्पमध्ये माणशी एका रात्रीचे ५००-६०० डॉलरपासून हजार-दीड हजार डॉलर आणि त्याहून वरही घेतात. तुम्ही म्हणाल, एवढं काय देतात? तंबू, मऊ गादी, गरम पाण्याची बादली झाडाला टांगून केलेला शॉवर, दोन्ही वेळचं जेवण, छोट्या विमानतळावरून ने-आण. हे सगळं चांगलंच आहे. पण गादी नागपुरातही मिळते. तिकडे जाऊन तुम्ही खरं भाडं मोजता ते रांगेच्या पुढे चालणाऱ्या माणसाच्या डोक्यातल्या ज्ञानाचं. तो चांगला असेल तर साध्या तंबूतली सफारीही आलिशान, आणि तो कच्चा असेल तर संगमरवरी टबसुद्धा तुम्हाला हत्तीपासून वाचवणार नाही.

झिम्बाब्वेत पूर्ण परवान्याचा वाटाडा व्हायला कित्येक वर्षं उमेदवारी करावी लागते. लेखी परीक्षा, बंदुकीची परीक्षा, मग रानात परीक्षकांपुढे काही दिवसांची प्रत्यक्ष परीक्षा. तिथला परवाना आफ्रिकेत सर्वांत कडक मानला जातो. आणि ही परीक्षा मुख्यतः गोळी झाडण्याची नसते. गोळी झाडायची वेळ आली याचा अर्थ आधी कुठेतरी चुकलं. वारा कुठून येतोय, हत्तीण पिलाबरोबर आहे का, पाणघोडा आणि नदी यांच्या मधोमध आपण उभे तर नाही, हे वेळेत ओळखणारा तो चांगला वाटाडा.

हे ज्ञान आलं कुठून? नॉर्मन कार नावाचा वन्यजीव अधिकारी होता, उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात. १९५० मध्ये त्याने न्सेफू नावाच्या स्थानिक प्रमुखाला पटवलं की तुमच्या जमातीच्या जमिनीचा एक भाग जनावरांसाठी राखा, लोक बंदूक न घेता नुसते बघायला येतील, आणि त्यांच्याकडून येणारा पैसा तुमच्या लोकांना मिळेल. तशी छावणी उभी राहिली. पुढे लुआंग्वाची पायी सफारी त्याच्याच नावाने ओळखली गेली. दक्षिण आफ्रिकेत इयान प्लेयर या वनाधिकाऱ्याने इम्फोलोझीच्या रानात पायी फिरण्याचा प्रघात पाडला. त्याला रान वाचायला शिकवलं ते मगकुबू न्टोम्बेला या झुलू वनरक्षकाने. प्लेयर त्यांना आयुष्यभर गुरू मानत राहिला.

ही जोडी ऐकली की मला आपले मारुती चितमपल्ली आठवतात. सोलापूरचा माणूस, वनखात्यात आला, नवेगाव-नागझिऱ्याच्या रानात राहिला. वनविद्येची पदवी काही रान शिकवत नाही, हे ओळखून ते नवेगावच्या माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्यांबरोबर, गोंडांबरोबर, ढिवरांबरोबर हिंडले. पाखरांची, झाडांची कितीतरी नावं त्यांनी त्यांच्या तोंडून टिपून घेतली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. तेव्हाचा भंडारा जिल्हा मोठा होता. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाला. पण रान तेच आणि जाणतेही तेच. व्यंकटेश माडगूळकरही पुण्याहून नागझिऱ्यात येऊन राहिले, पायी हिंडले आणि 'नागझिरा' हे पुस्तक लिहून गेले. म्हणजे पायी सफारी ही वस्तू आपल्याला आफ्रिकेतून आणायची नाही. ती इथे होती. आपण तिला सफारी म्हणत नव्हतो आणि तिचे पैसेही कोणी मोजत नव्हतं.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

लिहून घ्या, म्हणजे सोपं जाईल.

१. पुढे चालणारा वाटाडा कोण असेल? त्याचा परवाना कोणता, पायी सफारीचा की फक्त गाडीचा?

२. गटात माणसं किती? सहा-आठच्या वर असतील तर नको.

३. चालणं रोज आहे की एखाद्या सकाळी अर्धा तास, नावापुरतं? खरी पायी सफारी म्हणजे पहाटे निघून तीन-चार तास सावकाश चालणं. शेताच्या बांधावरून हिंडणाऱ्याला हे जड नाही. जिना चढताना धाप लागणाऱ्याने आधी दोन-तीन महिने सवय करावी.

४. कोणाला इजा झाली, छातीत दुखलं, तर दवाखाना किती लांब आणि विमानाने हलवण्याची सोय कोणाची? या खर्चाचा समावेश असलेला प्रवास विमा नसेल तर निघूच नका.

५. कॅम्पची जमीन कोणाची आणि आसपासच्या गावाला यातून काय मिळतं? हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. चांगला कॅम्पवाला याचं उत्तर आनंदाने देतो.

६. जेवण. शाकाहारी असाल, जैन जेवण हवं असेल, चतुर्थी-एकादशी करत असाल तर आधी कळवा. रानात ऐन वेळी साबुदाणा मिळत नाही. (हशा)

सामान आणि औषधं

रानातल्या छोट्या विमानांत माणशी साधारण १५ किलोच सामान चालतं, तेही चाकं नसलेल्या मऊ पिशवीत. मोठ्या कडक सुटकेसा घरी ठेवा. कपडे मातकट, खाकी, फिके हिरवे. पांढरा लांबून दिसतो. गडद निळा आणि काळा टाळा, कारण त्सेत्से माशी त्या रंगांकडे येते आणि तिचा चावा चांगलाच झोंबतो. लष्करी छापाचे कपडे तर नेऊच नका. झांबिया, झिम्बाब्वेत सामान्य माणसाने ते घालणं कायद्याने गुन्हा आहे. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा कपडे कॅरीबॅगमध्ये गुंडाळून नेऊ नका. बूट नवे कोरे नकोत. इथेच महिनाभर घालून मळवा.

हिवताप आपल्याला नवा नाही. तिथे प्रतिबंधक गोळ्या लागतात. कोणत्या आणि किती दिवस, ते डॉक्टरांनाच विचारा. पीतज्वराची लस केनिया, युगांडा, इथिओपियासारख्या देशांतून भारतात परतताना दाखवावी लागते. प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात, म्हणून आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. मुंबईहून नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाणार असाल तर विमान कुठे किती वेळ थांबतं, तेही याच हिशेबाने तपासा.

रानात वागायचं कसं?

एका रांगेत चालायचं. बोलायचं नाही, काही सांगायचं तर टाळी नको, बोट नको, हलकी चुटकी. वाटाडा थांबला की सगळे थांबले. वारा तोंडावर घ्यायचा, पाठीवर नाही, म्हणजे आपला वास जनावराकडे जात नाही. आणि काहीही झालं तरी पळायचं नाही. सिंहापुढे पळणारी वस्तू म्हणजे भक्ष्य. हे सांगायला सोपं आहे. पाय ऐकत नाहीत. म्हणून पहिल्या सकाळी वाटाडा हेच पुन्हा पुन्हा सांगतो.

जायच्या आधी तालीम करायची असेल तर मध्य प्रदेशातल्या सातपुडा व्याघ्र प्रकल्पात ठरावीक भागात रीतसर पायी फिरवतात. आपल्याकडे कोअरमध्ये ते चालत नाही, आणि त्याला कारण आहे. आफ्रिकेतल्या कोरड्या माळावर लांबवर दिसतं. आपल्या बांबूत वीस पावलांवरचं दिसत नाही. आणि आपल्याकडे पायी माणसाला वाघाइतकंच भय अस्वलाचं. ते खाण्यात गुंग असतं, त्याला नीट दिसत नाही, आणि दचकलं की ते आधी हल्ला करतं.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न (एक तरुण) : मी गेटवर गाइडचं काम करतो. आम्हाला असं शिक्षण मिळेल का?*

मिळायला हवं. पण ते मिळेपर्यंत तुमच्या गावात जो म्हातारा ठसा बघून जनावर नर की मादी, कधी गेलं, ते सांगतो, त्याच्याबरोबर हिंडा. बफरमधल्या परवानगीच्या वाटेवर हिंडा आणि रोज वहीत लिहा. पर्यटकाला वाघ दाखवणारे पुष्कळ आहेत. वाघ दिसला नाही त्या दिवशीही ज्याच्याबरोबर फिरल्याचं समाधान वाटतं, असा गाइड कमी सापडतो.

*प्रश्न (मागे बसलेल्या एक बाई) : सर, आम्ही दर उन्हाळ्यात मोहफुलाला, तेंदूपत्त्याला पायीच जंगलात जातो. आमच्या जिवाला घोर असतो. तुम्ही त्यालाच आलिशान म्हणता?*

ताई, या प्रश्नापुढे माझं अर्धं व्याख्यान लहान होतं. २०२५ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. चालणं तेच आणि रानही तेच. पण पाहुण्याच्या पुढे-मागे बंदूक असते, विमा असतो, विमान असतं. तुमच्याबरोबर टोपली असते. म्हणून मी पाचवा प्रश्न लिहून घ्यायला सांगितला. जिथे रानात राहणाऱ्याच्या जिवाची किंमत धरलेली नाही, तिथली सफारी कितीही महाग असली तरी मी तिला आलिशान म्हणणार नाही.

आता कामाचं सांगतो, कारण मोहाचे दिवस येतीलच. पाहुणा रानात गप्प चालतो, कारण त्याला जनावर बघायचं असतं. तुम्हाला बघायचं नाही, तेव्हा तुम्ही उलट करा. मोठ्याने बोलत जा, गाणी म्हणत जा, डबा वाजवा. उजाडल्याशिवाय जाऊ नका. एकटी जाऊ नका. वाकून वेचताना माणूस जनावराला चौपायासारखा दिसतो, म्हणून चौघींनी वेचावं आणि एकीने उभं राहून चारी बाजूंना बघावं. तिची टोपली बाकीच्यांनी मिळून भरून द्यावी. त्या उभ्या राहिलेल्या बाईचं काम आणि लुआंग्वातल्या रांगेपुढच्या वाटाड्याचं काम एकच आहे. त्याला डॉलर मिळतात. हिला निदान तिच्या वाट्याची टोपली तरी पूर्ण मिळाली पाहिजे.